सरांना भेटायला येण्याआधी

फोंडा
श्रावणाचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेल्या सरांच्या चाळीसही आठवणी वाचून झाल्या. एकदा नुसत्या वाचल्या, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो. एवढी माणसं शोधून, फोन करकरून, कुणाकुणाच्या घरी जाऊन तू हे गोळा केलंस याचं मला फार अप्रूप वाटतं. सरांनी बास्केटबॉल खेळणं सोडलं तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता.

यातल्या कुठल्या आठवणी ठेवायच्या, कुठल्या गाळायच्या आणि स्मरणिकेचं प्रकाशन कुठे करायचं, असं तू विचारलं आहेस. ते सांगतोच. पण आधी सरांच्या घरी जायचं कसं, ते ऐक. तिथे मी स्वतः चुकलो आहे.

कंपवाताचं निदान झाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सामन्यांत कोर्टाशेजारच्या टेबलावर बसून इतकी वर्षं त्यांचे गुण लिहिले, तेव्हा संकोच वाटायचं काही कारण नव्हतं. अर्धा तास बसलो. पणजीच्या सामन्यांच्या जुन्या गोष्टी काढल्या, एकदा भर पावसात कोर्टावरचं पाणी खराट्याने लोटलं होतं तेही आठवून सांगितलं. सरांचा चेहरा ढिम्म. हसू नाही, भुवईसुद्धा हलली नाही. माझं येणं त्यांना रुचलं नाही असं वाटून मी चहा संपवला आणि उठलो. पुढचे आठ महिने त्या वाटेला गेलो नाही. मग चवथीच्या आधी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेताना बाजारात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही गेलात त्या रात्री जेवताना ते तीच खराट्याची गोष्ट मला सांगत होते. परत का नाही आलात?"

मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू नष्ट होतात. हाताची थरथर सगळ्यांना दिसते. पण चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, हे मला ठाऊक नव्हतं. आवाज खोल जातो, अक्षर मुंगीएवढं होतं आणि मनात आलेलं हसू ओठांपर्यंत पोचत नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही ठरवू नकोस. त्यांच्या डोळ्यांकडे बघ. पायाकडेही बघ; गोष्ट आवडली की उजव्या पायाचा अंगठा चपलेत हलतो. हे मला वहिनींनी दाखवलं.

सकाळी साडेदहाच्या सुमारास जा. गोळीचा अंमल तेव्हा चांगला असतो. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की हातपाय जड होतात, बोलणंही अडखळतं आणि आपल्यासमोर असं झालेलं त्यांना आवडत नाही. म्हणून बारा वाजायच्या आत ऊठ, गप्पा कितीही रंगलेल्या असोत.

अजून एक गोष्ट तुला तिथे दिसेल, ती आधीच सांगून ठेवतो. सोप्यातून माजघरात जाताना उंबरठ्याशी त्यांचे पाय थबकतात, जमिनीला चिकटल्यासारखे. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून वहिनींनी तिथून न्हाणीघरापर्यंत लादीवर पिवळी चिकटपट्टी लावली आहे, पावलापावलाच्या अंतरावर आडव्या रेघा. एरवी उचलत नाही तो पाय समोर रेघ दिसली की ती ओलांडायला उचलतो. परवा मी पाहिलं. उंबरठ्याशी थांबले, खाली बघितलं, मग एक रेघ, दुसरी, तिसरी, आणि गेले आत. सामन्यात बाजूच्या रेषेवर पाय पडला की चेंडू गेला. ती रेषा या माणसाला न बघता कळायची, पाठमोरं असतानासुद्धा. ते आठवलं आणि मी थोडा वेळ बाहेर तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो. असा प्रसंग तुझ्यासमोर आला तर हात धरून ओढू नकोस. बाजूला उभा राहा, घाई करू नकोस.

बोलतानाही तसंच. आमच्या वेळी चेंडू हातात आल्यावर बास्केटकडे टाकायला ३० सेकंद मिळायचे. २००० साली फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ते २४ केले. सरांना प्रश्न विचारलास की ते जुने ३० सेकंद त्यांना दे. मध्ये बोलू नकोस, त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. उत्तर येतं. कधी पंचविसाव्या सेकंदाला येतं, पण नेमकं येतं.

आता तुझ्या चाळीस आठवणींकडे वळतो.

पहिली गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली. बहुतेकांनी लिहिलंय, "सर फार मोठे खेळाडू होते, फार प्रेमळ होते." वाचताना दहाव्याचं पान उघडल्यासारखं वाटतं. सर आहेत. ते डावखुरे आहेत, प्रेमळ आहेत, हट्टीही आहेत. खेळले ते भूतकाळात लिही, माणूस वर्तमानात ठेव. एवढा एक बदल सगळीकडे कर, कुणाला विचारत बसू नकोस.

दुसरं, विशेषणं गाळ. झंझावाती, अद्वितीय, अजोड. "गोव्याचा जॉर्डन" तर आधी काढ. मायकल जॉर्डन अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये आला १९८४ साली, तोवर सरांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ज्यांनी असं लिहिलंय त्यांना पुन्हा फोन कर आणि साधे प्रश्न विचार. तुम्ही कुठे बसला होता? सोबत कोण होतं? चुकल्यावर सर काय म्हणाले? विशेषणामागे बहुतेक वेळा एखादी खरी गोष्ट असते, विचारल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

बस कंडक्टरची आठवण बघ. त्यात एकही विशेषण नाही. सामना रंगला म्हणून शेवटच्या बसच्या ड्रायव्हरला त्याने सांगितलं, "दोनच मिनिटं राहिलीत", आणि बास्केटबॉलची दोन मिनिटं किती लांबतात ते त्या रात्री त्याला कळलं. बसमधले उतारूही खाली उतरून चिऱ्यांच्या गडग्यावर बसले. ही पहिल्या पानावर घे.

तिसरी गोष्ट खरंखोट्याची. एका काकांनी लिहिलंय की १९८१ साली मडगावला सरांनी शेवटच्या मिनिटात तीन "थ्री", म्हणजे लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट, मारले. १९८१ साली थ्री नव्हताच. फिबाने तीन गुणांची रेषा आणली १९८४ मध्ये, ६.२५ मीटरवर, २०१० मध्ये ती ६.७५ मीटरवर नेली. आमच्या कोर्टावर ती रंगवायला आणखी वेळ गेला. तरी ही आठवण फेकून देऊ नकोस. काकांना विचार, सर नेमके कुठे उभे होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीची सावली कुठवर आली होती इथपासून सांगितलं. जागा खरी आहे, फेकी खऱ्या आहेत. फक्त तेव्हा त्या प्रत्येकीचे दोनच गुण मिळत होते. तेवढं दुरुस्त करून छाप. माझ्या मते ती आठवण त्याने जास्तच मोलाची होते.

तसंच "राज्यासाठी खेळले" हे जिथे जिथे आहे तिथे साल बघ. गोवा घटक राज्य झालं ३० मे १९८७ ला. त्याआधी आपण गोवा, दमण आणि दीव हा संघप्रदेश होतो. तिथे नुसतं "गोव्यासाठी" ठेव. आणि कोंकणीत आलेल्या आठवणी कोंकणीतच छाप. "घाल रे बाब!" ही आरोळी मराठीत आणलीस तर त्या कोर्टाचा आवाजच जाईल.

माझ्या पेटीत जुनी गुणपत्रकं आहेत, कडेने कसर लागलेली. ज्या अंतिम सामन्यात सरांनी एकट्याने ४१ गुण केले असं तुझ्याकडे पाच जणांनी लिहिलंय, त्याचं पत्रक सापडलं. माझ्याच अक्षरात आहे. सरांचे गुण १७, फाउल ५, म्हणून शेवटची चार मिनिटं ते बाकावर. मी ते त्यांच्यापुढे धरलं. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अठरावा गेला. फ्री थ्रो. रिंगला लागून." लोकांनी ४१ जपले आणि त्यांनी तो एक गेलेला फ्री थ्रो. माझी एक सूचना ऐक, प्रत्येक आठवणीखाली थोडी जागा मोकळी सोड. आठवण त्यांना वाचून दाखव आणि ते जे बोलतील ते तिथे लिही. तुझी स्मरणिका त्यांच्याविषयी आहेच, अशाने थोडी त्यांचीही होईल.

मॉरिस स्टोक्सची हकीकत तुला माहीत नसेल तर शोधून वाच. सिनसिनाटी रॉयल्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा हा तरणाबांड खेळाडू. मार्च १९५८ मध्ये सामन्यात डोक्यावर आपटला, शुद्धीवर येऊन खेळलाही, आणि तीन दिवसांनी विमानात कोसळला. सगळं अंग लुळं पडलं, बुद्धी मात्र शाबूत. त्याच संघातला जॅक ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला. तेव्हा ट्वायमनचं वय चोविशीच्या आसपास, म्हणजे तुझ्याएवढंच. खर्चासाठी त्याने दरवर्षी मदतीचा सामना भरवायला सुरुवात केली आणि मोठमोठे खेळाडू त्यात खेळायला आले. पण मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. ट्वायमन मुळाक्षरं एकेक करून म्हणायचा आणि हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. असं अक्षराला अक्षर जोडत ते बोलायचे. स्टोक्स १९७० मध्ये गेला, तोवर ट्वायमनने साथ सोडली नाही. आपल्या सरांना तर आवाज आहे. आपण फक्त जवळ सरकून बसायचं.

प्रकाशनाचं म्हणशील तर सभागृह, व्यासपीठ, शाल-श्रीफळ यातलं काहीही मला नको वाटतं. तीन तास भाषणं, माइकची घरघर, गोळीची वेळ टळलेली, आणि समोर सरांचा न हलणारा चेहरा. मागे बसलेल्यांना वाटेल, यांना काहीच कळत नाहीये. ते मी होऊ देणार नाही. दर आठवड्याला दोघांना घेऊन जा, तिघांना नको. ज्याची आठवण त्याने स्वतः वाचायची. चाळीस जणांचे वीस आठवडे होतात. होऊ देत.

वहिनींना पैसे नकोत, हे मी विचारून घेतलंय. त्यांना हवी आहे गुरुवारची संध्याकाळ. वर्षभरात त्या मंगेशीला गेलेल्या नाहीत, कारण सरांना एकटं सोडता येत नाही. गुरुवारी दोन तास कुणी घरी बसलं तर त्यांचं देवदर्शन होईल. तुझ्या यादीत फोंड्यात राहणारी अकरा माणसं आहेत. पाळी लाव. पहिला गुरुवार माझा.

येताना चेंडू घेऊन ये. सात नंबरचा, हवा जरा कमी केलेला, म्हणजे बोटांना धरता येईल. काही न बोलता त्यांच्या मांडीवर ठेव.

आणि स्कूटरच्या दिव्याची आठवण लिहिणाऱ्या बाईंचा फोन नंबर मला कळव. कोर्टावर दिवे नव्हते, मुलांचा सराव संपेपर्यंत अंधार पडायचा, म्हणून मुलींच्या वेळेला सर स्कूटर मागच्या रेषेशी उभी करून तिचा हेडलाइट बास्केटवर सोडायचे, असं त्यांनी लिहिलंय. तुझी परवानगी न घेता ती एक आठवण मी परवा सरांना वाचून दाखवली. तीसेक सेकंद गेले. मग त्यांनी विचारलं, डाव्या हाताचा ले-अप तिला शेवटी जमला का?

तुझा,
मास्तर