पासिंग करून घे, मगच गाडी दाखव

अरे, गाडी विकायची घाई करू नकोस. तुझ्या छोट्या हत्तीचं (टाटा एसचं) पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन महिन्यांवर आलंय ना? मग आधी ते करून घे. 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, आणि संपत आलेला कागद दिसला की गिऱ्हाईक भाव पाडायलाच बसतं.

दुसरं म्हणजे गंज. आपल्याकडे गोव्यात खारी हवा, वर चार महिने पाऊस. माहीतगार माणूस रंगाकडे बघतच नाही. हौद्याखाली वाकतो आणि चासीवर स्क्रू-ड्रायव्हरने टकटक करतो. तू मासळी वाहायचास, म्हणजे बर्फाचं खारट पाणी फटींतून खाली गेलेलंच असणार. हौदा धुऊन, वाळवून, पत्रा जिथं खाल्लाय तिथं वेल्डिंग करून घे. पण त्यावर काळा रंग फासून लपवू नकोस. लगेच कळतं, आणि मग इंजिनाबद्दल खरं सांगितलंस तरी पटत नाही.

कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी कागदावरचा, कर्जाचा बोजा आधी उतरव. विक्रीला, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला, फॉर्म 29 आणि 30. नुसत्या स्टॅम्पपेपरवर चावी देऊ नकोस. मी एकदा दिली होती. फोंड्याच्या गिऱ्हाइकाने वर्षभर नावावर केली नाही आणि चलनं माझ्या मोबाईलवर! अपघात झाला असता तर भरपाईही आरसीवरच्या मालकाच्या, म्हणजे माझ्याच, गळ्यात आली असती. सावंतवाडी-बेळगावचं, म्हणजे परराज्यातलं, गिऱ्हाईक असेल तर आरटीओची एनओसीही लागेल, फॉर्म 28.

चतुर्थीनंतर विकायला काढ. पर्यटनाच्या सीझनच्या तोंडावर हॉटेलांना माल पोचवणारे गाड्या शोधत असतात.