घुबडाच्या गोळ्या आणि तेवीस पदव्या

"मॅडम, यातला परवडेल असा एकच सांगा. बाकीचे मी खोडून टाकते."

मोबाइलवर शोधलेली यादी तिने वहीत उतरवून आणली होती. तेवीस अभ्यासक्रम, आणि प्रत्येकाच्या नावात कुठे ना कुठे 'संवर्धन'. वन्यजीव संवर्धन, सागरी संवर्धन, संवर्धन नेतृत्व, संवर्धन आणि शाश्वत अमुकतमुक. पुढे फीचा रकाना. सात ठिकाणी प्रश्नचिन्ह, बाकी ठिकाणी असे आकडे की लिहिताना तिचं अक्षरच बारीक होत गेलेलं. शेजारी वडील बसले होते. दुसऱ्याची गाडी चालवतात, रात्रपाळी संपवून तसेच आले होते. डोळे तांबारलेले, तोंडातून शब्द नाही. गप्प बसणाऱ्या पालकांची मला जास्त काळजी वाटते. ओरडणाऱ्यांचं निदान कळतं तरी, कुठे दुखतंय ते.

पुढे काय शिकावं याचा सल्ला मागायला मुलं माझ्याकडे येतात. हा प्रश्न दरवर्षी येतो, माणसं तेवढी बदलतात. घरची परिस्थिती बेताची, मुलाला किंवा मुलीला जंगलाचं, पक्ष्यांचं, समुद्राचं वेड, आणि ही पदवी म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचा छंद असं घरात सगळ्यांचं ठाम मत. बरेचदा त्या मुलाचंही. (ही गोष्ट तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी यादी बाजूला ठेवली. "आवडतं ते कळलं. पण तू आजवर केलंयस काय?"

तिने पिशवीतून एक जुनं, जाडजूड हिशेबाचं बाड काढलं. कुणीतरी वापरून टाकलेलं. पानांच्या कोऱ्या पाठीवर तिच्या नोंदी होत्या. शाळेच्या मागच्या पडक्या खोलीत गव्हाणी घुबडाची जोडी राहत होती. घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते ओकून टाकतं. या पोरीने दीड वर्षात अशा 61 गोळ्या गोळा केल्या होत्या. कोमट पाण्यात भिजवायच्या, चिमट्याने सोडवायच्या, हाडं कागदावर मांडायची. प्रत्येक गोळीपुढे तारीख, आणि उंदीर किती, चिचुंद्र्या किती.

"किती उंदीर हे कसं ठरवतेस?"

"खालचे डावे जबडे मोजते. आधी दोन्हीकडचे मोजत होते, पण मग घुबडाने खाल्लेल्यापेक्षा उंदीरच जास्त व्हायला लागले."

वडील पहिल्यांदा हसले. मी नाही हसले, कारण एक प्राणी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून हाडांचा अभ्यास करणारे लोक अगदी हेच करतात, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता यादीकडे वळायला हरकत नव्हती. पण त्याआधी तिला मी माझी एक चूक सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच परिस्थितीतल्या एका मुलाला मी नावात 'वन्यजीव' असलेला महागडा पदवी अभ्यासक्रम सुचवला होता. माहितीपत्रकावर वाघ होता आणि शैक्षणिक कर्जाची सोय होती, त्याला मी भुलले. फी त्यांनी कशीबशी भरली. पण दुसऱ्या वर्षी क्षेत्रभेटीचे पैसे वेगळे निघाले, शिबिराचे वेगळे, दुर्बीण आणि बुटांचे आणखी वेगळे. तो मध्येच बाहेर पडला, कर्ज मात्र मागे राहिलं. त्यानंतर मी कुठल्याही कॉलेजला पहिला प्रश्न फीचा विचारत नाही. फीत काय धरलेलं नाही, ते विचारते.

त्या मुलाकडून मी शिकले ते हे, की पहिल्या पदवीच्या पातळीवर 'संवर्धन' या शब्दाला पैसे मोजायचे नाहीत. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र, यातलं जे घराजवळच्या सरकारी कॉलेजात, ओळखीच्या बसने जाऊन-येऊन शिकता येईल ते घ्यावं. पुढे निवड करणारे लोक पदवीचं नाव बघतात त्याहून जास्त बघतात ते तुला परिसंस्थाशास्त्र कळतं का, आकडे हाताळता येतात का आणि चिखलात उभं राहून नोंद घेता येते का. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. आहे. तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. चाळणी लागते ती प्रवेश परीक्षेत आणि मुलाखतीत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था 1982 सालची, तिथेही जागा थोड्या आणि परीक्षा कठीण. पण परीक्षा कठीण असणं आणि फी अवघड असणं यात गरिबाच्या पोराने पहिलं पत्करावं. निदान तिथे रात्र रात्र जागून काही फरक पाडता येतो.

"म्हणजे ही सगळी यादी फुकट गेली?" तिचा चेहरा पडला.

फुकट नाही, पण शिळी होती. परदेशातल्या नावांपैकी चार नॉर्वेतली होती, पुढे 'फी शून्य' लिहिलेलं. एके काळी ते खरं होतं. 2023 च्या शरद सत्रापासून नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांनी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडने ते त्याआधीच लावलेलं आहे. इंटरनेटवर जुने लेख मात्र अजून फिरतात आणि मुलं त्यांच्यावर स्वप्नं बांधतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो पडतात. हे ऐकून ती सावरून बसली, तशी मी पुढची ओळ सांगितली. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच बँकेत अडकवून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे.

वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे फी नाही, पण ज्याच्याकडे आहे त्यालाच."

त्यांना आकड्यांतलं नेमकं कळत होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीचा हिशेब देणाऱ्या माणसाला कळणारच. त्यानंतर मी मुलीऐवजी त्यांच्याकडे बघून बोलू लागले.

"दादा, दोन तऱ्हेच्या मास्टर्स असतात," मी म्हटलं. "एकीत तुम्ही गिऱ्हाईक असता, दुसरीत कामाला असता." हा फरक मुलांना कुणी सांगत नाही, आणि सगळं गणित त्यावरच आहे. वर्गात बसून, प्रबंध न लिहिता वर्ष-दीड वर्षात मिळणारी व्यावसायिक पदवी बहुधा स्वतःच्या पैशांनी करायची असते. संशोधनावर आधारलेल्या पदवीचं तसं नाही. अमेरिकेत वन्यजीवशास्त्रात प्रबंध लिहून केलेली मास्टर्स बरेचदा असिस्टंटशिपवर होते. प्राध्यापकाकडे एखाद्या प्रकल्पाचा निधी असतो, त्याला काम करणारं माणूस हवं असतं. विद्यार्थ्याचं शुल्क माफ किंवा कमी होतं आणि महिन्याचं मानधन मिळतं. अशा जागांच्या जाहिराती निघतात, नोकरीसारख्या. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ चालवत असलेल्या नैसर्गिक संसाधनांच्या जॉब बोर्डवर त्या कुणालाही फुकट बघता येतात. तिथे आधी विद्यापीठ निवडून उपयोग नाही, आधी माणूस आणि प्रकल्प शोधावा लागतो.

मग शिष्यवृत्त्या. सगळ्या सांगत बसले नाही, तीनच सांगितल्या. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस संयुक्त मास्टर्सच्या शिष्यवृत्तीत शुल्क भरलं जातं आणि महिन्याला 1400 युरो मिळतात. जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आहे, ड्रेस्डेनचं उष्णकटिबंधीय वनशास्त्र त्यात येतं, पण पदवीनंतर किमान दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो. आणि ब्रिटनची कॉमनवेल्थ शेअर्ड शिष्यवृत्ती. तिची एक अट अशी, की अर्जदाराला स्वतःच्या पैशांनी तिथे शिकणं शक्य नसावं.

"अटच?" वडील.

"अटच."

"ही एक अट आपण पहिल्या फटक्यात पुरी करतो," ते मुलीला म्हणाले. तिघंही हसलो, पण त्यांचं हसणं जरा वेळाने थांबलं.

दोन वर्षांच्या अनुभवाच्या अटीने मुलं नाराज होतात, मला मात्र ती आवडते. पदवीनंतर लगेच मास्टर्स केली नाही तर मागे पडू, ही भीती दुसऱ्या क्षेत्रांतून आलेली आहे. इथे मधली दोन वर्षं प्रकल्प सहायक म्हणून पगारावर काढलेल्या मुलाचा अर्ज जड होतो. पगारावर, हे मी अधोरेखित करून सांगते. कारण या क्षेत्राला एक वाईट खोड आहे. अनुभवाच्या नावाखाली बिनपगारी राबवून घेणं, आणि त्याहून वरताण म्हणजे कासवं वाचवायला येणाऱ्यांकडूनच पैसे घेणं. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल जावं. पण त्याला कुणी करिअरची पायरी म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं.

वडिलांचा खरा प्रश्न शेवटी आला. "हिला पोटापुरतं मिळेल का?"

मी खोटं बोलले नाही. श्रीमंत होण्याचं हे क्षेत्र नाही, नोकऱ्या थोड्या, त्यातल्या बऱ्याच प्रकल्प असेपर्यंतच्या. पण माणसं अडतात ती वाघामागे फिरणाऱ्यांवाचून नाही. नकाशे करणाऱ्यांवाचून, आकडेमोड करणाऱ्यांवाचून, पर्यावरणीय परिणामांचा अहवाल वाचता-लिहिता येणाऱ्यांवाचून अडतात, आणि ही कामं संवर्धनाबाहेरही विकली जातात. ती शिकायची साधनं फुकट आहेत. नकाशांसाठी क्यूजीआयएस (QGIS), आकड्यांसाठी 'आर' (R) नावाची संगणकीय भाषा, दोन्ही कुठल्याही जुन्यापान्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतात. पाहिलेल्या प्राण्या-वनस्पतींच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट (iNaturalist) हे संकेतस्थळ आहे. तेही अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2008 साली मास्टर्सचा शेवटचा प्रकल्प म्हणून केलेलं. मी तिला म्हटलं, बाळा, प्राणिशास्त्र घे आणि जोडीला संख्याशास्त्र. तिने तोंड वाकडं केलं. "डावे जबडे मोजतेस तेव्हा तू दुसरं काय करतेस?" यावर गप्प झाली.

तेवीसपैकी त्या दिवशी काहीच खोडलं नाही. वहीच्या मागच्या पानावर नवे रकाने आखले: फी, फीत न धरलेलं, राहणं, अर्जाचे आणि भाषेच्या परीक्षेचे पैसे, शेवटची तारीख, आणि ही माहिती कोणत्या तारखेला अधिकृत पानावर पाहिली. शेवटचा रकाना नॉर्वेमुळे आला. उत्पन्नाचे कागद आधी काढून ठेवा, हे वडिलांना दोनदा सांगितलं. किती मुलांची फीमाफी केवळ दाखला उशिरा मिळाला म्हणून हुकते, ते आठवलं तरी चिडचिड होते.

ती घराजवळच्या सरकारी कॉलेजात गेली. पहिल्या वर्षी संख्याशास्त्रात जेमतेम सुटली, दुसऱ्या वर्षी बरी. तिसऱ्या वर्षी मास्टर्सची प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाली. फोनवर रडली. मग एका संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून लागली, पगार थोडा पण दर महिन्याला, आणि रात्री पुन्हा अभ्यास. त्याच काळात तिने बाहेरच्या प्राध्यापकांना लिहायला सुरुवात केली.

पहिल्या ईमेलचा मसुदा मला दाखवला होता. "आदरणीय सर, मला लहानपणापासून प्राण्यांची अतिशय आवड आहे" इथून सुरुवात, मग घरच्या गरिबीचा परिच्छेद, मग त्यांच्या विद्यापीठाची स्तुती. मी सगळं काढायला लावलं. गरिबी शिष्यवृत्तीच्या अर्जात लिही, इथे नको. इथे दोनच गोष्टी, त्यांचा कोणता शोधनिबंध वाचलास आणि तू स्वतः काय मोजलंस. ती कुरकुरली, मला म्हणाली, असं कोरडं पत्र कोण वाचेल. शेवटी सहा ओळींचं पत्र झालं. 61 गोळ्या, दीड वर्ष, महिन्यागणिक उंदीर आणि चिचुंद्र्यांचं बदलत गेलेलं प्रमाण, सोबत एक आलेख.

चौदा जणांना ते पत्र गेलं. अकरा जणांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी निधी नाही असं नम्रपणे कळवलं. चौदाव्याचं उत्तर एका ओळीचं होतं, ते तिने मला वाचून दाखवलं. कवटी फुटलेली असेल तेव्हा चिचुंद्री आणि उंदीर तू वेगळे कसे ओळखलेस, एवढंच विचारलं होतं.

"काय लिहू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? मला कुठे माहीत आहे."

फोन ठेवायच्या आधीच ती सांगायला लागली होती, की उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे वळलेले असतात आणि मागे मोकळी जागा असते, चिचुंद्रीचा जबडा लांबट, टोकदार दातांची ओळ सलग, आणि नुसता अर्धा तुकडा हाती आला तरी.