जुन्या रोल्स-रॉईसच्या विक्रीत दोन कंपन्यांची नावं का असतात?

कारण तेव्हा रोल्स-रॉईस अख्खी गाडी विकतच नसे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांच्याकडून मिळायची ती इंजिनासकट चासी, म्हणजे चाकांवरचा नुसता खालचा सांगाडा. बॉडी गिऱ्हाइकानं हूपर, बार्कर अशा बॉडी बांधणाऱ्या कंपन्यांकडून हवी तशी बांधून घ्यायची. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची केशरी ‘स्टार ऑफ इंडिया’ म्हणजे रोल्सच्या फँटम-२ मॉडेलच्या चासीवर थ्रप अँड मेबर्लीची बॉडी. म्हणून संग्राहक आधी विचारतो, बॉडी मूळचीच का? मागाहून बदललेल्याही पुष्कळ असतात आणि भाव तिथेच पडतो. बघायला गेलात तर रंगाच्या चकाकीला भुलू नका (सगळेच भुलतात). दार अर्धं उघडून हलकेच वर उचला. बिजागरी घट्ट असूनही दार लोंबत असेल, तर पत्र्याआतला अ‍ॅश लाकडाचा सांगाडा कुजलाय समजा.