कपाळ मोठं असेल तर कोणती वेणी शोभून दिसेल?

तू विचारलंस की कपाळ मोठं आहे, मे महिन्यात भावाचं लग्न आहे, करवली म्हणून मिरवायचं आहे, आणि मावशी म्हणते, "तुले वेणी शोभत नाही, केस मोकळे सोड." कॉलेजला आहेस म्हणून 'तू'च म्हणते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात घरीच पार्लर चालवते आणि लग्नसराईत नवरींपेक्षा करवल्यांच्याच वेण्या जास्त घालते. मावशीचं या बाबतीत ऐकू नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाते, मोकळे केस घेऊन मांडवात उभी राहशील तर अक्षता पडायच्या आधी तूच रबर शोधत फिरशील.

वेणी कोणतीही घाल, कपाळ किती दिसेल ते भांगावर आणि पुढच्या चार बोटं केसांवर ठरते. घरी आपण काय करतो? चपचपीत तेल, मधोमध भांग, आणि केस असे ताणून मागे की भुवया वर चढतात. शाळेच्या दोन वेण्यांची ती सवय मोठेपणीही जात नाही. एवढं ताणल्यावर लहान कपाळसुद्धा मैदान दिसते, मोठ्याची काय गत!

तर पहिलं काम, भांग बाजूला घे. डाव्या भुवईची कमान जिथे सगळ्यात उंच आहे, त्याच्या सरळ वर. भांग रेघेसारखा नको, फणीच्या टोकानं जरा नागमोडी काढ, म्हणजे टाळूची पांढरी रेघ डोळ्यात भरत नाही. आणि त्या दिवशी तेल नको. केस आदल्या दिवशी धुतलेले बरे. त्याच दिवशी धुतले तर निसटतात आणि पेड सैल पडतात.

आता वेणी. माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात चांगली म्हणजे कपाळावरून आडवी जाणारी उलटी सागरवेणी. भांगापासून उजवीकडचे पुढचे केस घे, साधारण दोन-तीन बोटं रुंद पट्टा. त्याचे तीन पेड कर. साध्या वेणीत बाजूचा पेड मधल्यावरून येते, इथे तो खालून घ्यायचा, म्हणजे वेणी उठून दिसते. दर वेळी कपाळाच्या कडेचे थोडे थोडे केस त्यात मिळवत उजव्या कानाकडे जायचं. खरी खुबी हातात आहे. गुंफताना हात मागे ओढू नको, चेहऱ्याच्या पुढे, भुवईच्या दिशेनं धर. हात जिकडे ओढते तिकडेच वेणी बसते. मागे ओढलीस तर ती डोक्यावर चढेल आणि सगळी मेहनत वाया. पुढे धरलीस तर कपाळाचा वरचा भाग आपोआप झाकला जाते. कानामागे नेऊन दोन आकडे एकमेकांवर फुली करून लाव, उरलेली लांबी मागच्या शेपट्यात गुंफून टाक. शेवटी वेणीच्या कडा बोटांनी हळूच ओढून रुंद कर. एकट्यानं करताना हात भरून येतात, म्हणून बहिणीला नाहीतर वहिनीला आधी शिकवून ठेव.

मोबाईलवर सगळीकडे पुढे सोडलेल्या दोन बटा दिसतात. कपाळाला त्या छानच दिसतात, गालाच्या हाडापर्यंत आल्या तर चेहऱ्याची लांबीही मोडते. पण दुपारचा मुहूर्त असेल तर घामानं त्या कपाळाला चिकटतात आणि मग फोटोत पोट्टी कापूस वेचून आल्यासारखी दिसते. संध्याकाळच्या रिसेप्शनला सोड, दुपारी नको. आणि लग्न आठ दिवसांवर आलं असताना पुढचे केस कापून झुलपं काढायला जाऊ नको. बिघडले तर वाढायला वेळ लागते.

मधला पफ टाळ. वर उंची आणि पुढचे केस मागे, यात चेहरा आणखी लांब दिसते. डोक्याला घट्ट चिकटलेल्या बारीक बारीक वेण्यांचंही तेच, त्यात केसांची सगळी कड उघडी पडते. खजुरी वेणी किंवा साधा तीन पेडी शेपटा मागे कसाही चालते, फक्त खांद्यावरून पुढे घे, नजर खाली येते. गजरा टाळूवर नको, कानाच्या खाली एका बाजूला माळ.

मधोमध भांग एकाच वेळी चालते, भांगातली बिंदी घालणार असशील तर. तिचं पदक कपाळावर लोंबते, मोकळी जागा भरते. नवरीला तर मुंडावळ्याच असतात, तिला ही काळजीच नाही. तू करवली, तुझ्यासाठी टिकली जरा मोठी घे आणि भुवयांच्या मधोमध न लावता थोडी वर लाव.

एक गोष्ट मात्र लग्नापुरती नाही. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस विरळ झाले असतील, वेणी सोडल्यावर तिथे दुखत असेल, बारीक पुटकुळ्या येत असतील, तर तो रोजच्या ताणाचा त्रास असू शकते. त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. लवकर सैल बांधायला लागलं तर केस बहुतेक परत येतात; वर्षानुवर्षं ताणत राहिलं तर मुळं कायमची जातात आणि कपाळ खरोखरच वाढते. तसं वाटलं तर त्वचेच्या डॉक्टरला दाखव. गंगावन लावायचं असेल तर मागच्या शेपट्याला जोड, पुढच्या केसांवर त्याचं वजन टाकू नको.

लग्नाआधी एखाद्या रविवारी पूर्ण करून पाह आणि कुणाला तरी समोरून, डोळ्यांच्या उंचीवर, थोडं लांब उभं राहून फोटो काढायला सांग. स्वतः हात वर करून सेल्फी काढशील तर वरून धरलेला मोबाईल कपाळच मोठं दाखवते, आणि उगाच वेणीवर राग काढशील.