मुत्सद्दी म्हणजे समोर उभा राहणारा

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘महासत्तांच्या परराष्ट्र धोरणावरच्या लेखांत एंगेजमेंट आणि कॉन्फ्रंटेशन ही जोडी नेहमी दिसते. मराठीत “मुत्सद्देगिरी विरुद्ध संघर्ष” असे लिहिले तर चालेल का? आणि मुत्सद्देगिरी बरा शब्द की राजनय?’

पहिल्याचे उत्तर: चालणार नाही. छापून येते, वाहिन्यांवर रोज ऐकू येते, तरीही चालणार नाही. दोन राष्ट्राध्यक्षांनी हस्तांदोलन केले की ‘मुत्सद्देगिरीचा विजय’, आणि कुणी आपला राजदूत माघारी बोलावला की ‘मुत्सद्देगिरी संपुष्टात’. अहो, राजदूत माघारी बोलावणे हीसुद्धा मुत्सद्देगिरीच. बोलणे, अबोला धरणे, दटावणे, दटावून झाल्यावर मागच्या दाराने निरोप धाडणे, हे सगळे एकाच पोतडीतले. मुत्सद्देगिरी म्हणजे गोडीगुलाबी हा अर्थ या शब्दाला कुणी आणि कधी चिकटवला?

क्यूबाचा पेचप्रसंग घ्या. सोव्हिएत संघाने अमेरिकेच्या दारात, क्यूबात, क्षेपणास्त्रे आणून ठेवली होती. २२ ऑक्टोबर १९६२ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाकडे जाणारी शस्त्रास्त्रे आरमार लावून अडवणार असे जाहीर केले, पण ‘ब्लॉकेड’ हा शब्द कटाक्षाने टाळला आणि ‘क्वारंटाइन’ म्हटले. ब्लॉकेड, म्हणजे नाकेबंदी, ही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने युद्धाचीच कृती. जहाजे तीच, तोफा त्याच, शब्द तेवढा दवाखान्यातला. आणि त्याच आठवड्यात, २७ तारखेला, अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटून तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुपचूप कबूल करत होते. यातली मुत्सद्देगिरी कुठली आणि संघर्ष कुठला, हे निवडून वेगळे काढणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. मुत्सद्दीचे धूर्त, धोरणी, राजकारणपटू हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. शब्द अरबी आहे: मुतसद्दी. क्रियापद ‘तसद्दा’. त्याचा अर्थ समोर येणे, सामोरे जाणे, एखादे काम अंगावर घेणे, आणि (इथे नीट लक्ष द्या) तोंड देणे, अडवणे, विरोधात उभे ठाकणे. त्याचे नाम तसद्दी. जो तसद्दी करतो तो मुतसद्दी. फारसीने यातला ‘काम अंगावर घेणारा’ एवढाच अर्थ उचलला आणि त्याला कचेरीत बसवले. मोगलाईत मुतसद्दी म्हणजे हिशेबनीस, कारकून. पण सुरत बंदराचा मुख्य अधिकारीही मुतसद्दीच म्हणवला जाई, आणि इंग्रज-डच व्यापाऱ्यांना त्याच्याच दारात उभे राहावे लागे. मराठीत तो आधी लेखणी-दौतवाला, मग कारभारी, मग डावपेच जाणणारा अशा पायऱ्या चढत आला. हिंदीने मधला त गाळून ‘मुसद्दी’ केले. आपण त-ही ठेवला आणि द्द-ही. उच्चाराला जरा अडखळायला होते, पण मूळ रूपाशी इमान राखले ते आपणच.

म्हणजे ज्या शब्दाला आपण कॉन्फ्रंटेशनच्या विरुद्ध टोकाला उभे करतो, त्याच्या पोटातच कॉन्फ्रंटेशन आहे.

ही केवळ कोशातली गंमत नाही. अरबी वर्तमानपत्रांत ‘तसद्दी’ आजही याच अर्थाने रोज छापून येतो. हवाई संरक्षण दलाने येणाऱ्या क्षेपणास्त्रांना तोंड दिले, असे लिहायचे तर हेच क्रियापद. आणि सगळ्यांत बहारीचे उदाहरण १९७७ सालचे. त्या नोव्हेंबरात इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात जेरुसलेमला गेले, इस्रायलच्या संसदेत उभे राहून बोलले. अरब जगात भडका उडाला. डिसेंबरच्या सुरुवातीला त्रिपोलीत लीबिया, सीरिया, अल्जीरिया, दक्षिण येमेन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना एकत्र आल्या आणि सादातच्या वाटाघाटींविरुद्ध त्यांनी आघाडी उघडली. तिचे नाव: ‘जबहत अस्-सुमूद वत्-तसद्दी’. सुमूद म्हणजे ठाम राहणे, आणि तसद्दी म्हणजे मुकाबला. अमेरिका सादातच्या पाठीशी, सोव्हिएत संघ या आघाडीच्या. महासत्तांचा खेळ, वाटाघाटी हव्यात की टक्कर हा नेमका तोच वाद, आणि वाटाघाटी नकोत म्हणणाऱ्यांच्या पाटीवर आपल्या मुत्सद्देगिरीचा सख्खा भाऊ! मुत्सद्देगिरी विरुद्ध संघर्ष असे लिहिणाऱ्यांनी ही पाटी एकदा डोळ्यांसमोर आणावी.

या धातूबद्दल माझा एक लाडका तर्क आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. अरबीत ‘सदा’ म्हणजे प्रतिध्वनी. उर्दू शायरीत ‘सदा देना’ म्हणजे हाक घालणे, तो हाच शब्द. तसद्दाच्या धातूची अक्षरे तीच: स-द-य. काही जुने अरबी कोशकार हे मानत नाहीत. मूळ धातू स-द-द, ‘सदद’ म्हणजे समोरची बाजू, शेवटच्या द चा पुढे स्वर झाला, असे त्यांचे म्हणणे. असेल. व्याकरणाच्या हिशेबात त्यांचे पारडे जडही भरेल. पण प्रतिध्वनी येतो कधी? समोर काही ठाम उभे असेल तेव्हाच. मोकळ्या माळावर हाक मारा, काही परत येत नाही. कड्यासमोर मारा, आपलाच आवाज उलटून येतो. समोर उभे राहणे आणि आवाज परतवणे या दोन कल्पना मुळात एकमेकींना खेटून असल्या पाहिजेत, हे मी सोडायला तयार नाही. महासत्तांच्या पत्रव्यवहाराचा नमुना तरी दुसरा काय असतो? एकीने चार अधिकारी हाकलले की दुसरी मोजून चार हाकलते.

इथे एक गैरसमज उपटून टाकतो. ‘तसदी घेणे’ मधली तसदी याच घराण्यातली असे काही हौशी लोक ठोकून देतात, आणि ‘मुत्सद्दी म्हणजे तसदी घेणारा’ अशी व्युत्पत्ती फिरवतात. साफ चूक. ती तसदी अरबी ‘तस्दीअ’ वरून आली. धातू निराळा, शेवटी ऐन हे अक्षर. मूळ अर्थ डोकेदुखी देणे. ‘आपल्याला तसदी दिली’ म्हणजे आपले डोके दुखवले. अरबीतली वेगळी अक्षरे देवनागरीत सारखी दिसली की नाते जुळवून मोकळे होणाऱ्यांनी निदान एकदा मूळ लिपीत शब्द पाहावा.

बरे, मग संघर्ष तरी कॉन्फ्रंटेशनला बरोबर आहे का? तोही नाही. संघर्ष म्हणजे घासणे, घर्षण. ते वर्षानुवर्षे चालू शकते. कॉन्फ्रंटेशनच्या पोटात लॅटिन ‘फ्रॉन्स’ आहे, म्हणजे कपाळ. कपाळाला कपाळ भिडवणे. यासाठी मराठीत टक्कर हा नेमका शब्द आयता असताना संघर्ष कशाला? आणि एंगेजमेंटची तर त्याहून मजा. काही जण त्याचे ‘संलग्नता’ करतात. महासत्ता म्हणजे काय महाविद्यालये आहेत, विद्यापीठाला संलग्न व्हायला? मूळ फ्रेंच ‘गाज’ म्हणजे तारण, गहाण. एंगेज होणे म्हणजे शब्द तारण ठेवणे. म्हणून साखरपुडाही एंगेजमेंट, आणि दोन सैन्ये भिडली तर तीही एंगेजमेंट. ‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’ म्हणजे चर्चेचे शिष्टाचार नव्हेत, गोळी कधी झाडायची त्याचे नियम आहेत.

आता कौटिल्य पाहा. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात संधीची व्याख्या दोन शब्दांत आहे: ‘पणबन्धः सन्धिः’. पण म्हणजे बोली, पैज, तारण. आपण काही पणाला लावतो तो हाच पण. फ्रेंच तारण आणि कौटिल्याचा पण एकाच जागी येऊन बसतात. संलग्नतावाल्यांना हे सापडले नाही. लगेच पुढे ‘अपकारो विग्रहः’, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणे हा विग्रह. आणि राजाच्या अशा सहा धोरणांच्या यादीच्या शेवटी द्वैधीभाव: संधी आणि विग्रह दोन्ही एकाच वेळी हाताशी धरणे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ८ मे १९७२ ला उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात सुरुंग पेरल्याचे जाहीर केले. त्या बंदरात सोव्हिएत जहाजे ये-जा करत. निक्सन यांची ठरलेली मॉस्को भेट रद्द होणार असे सगळे धरून चालले होते. पण २२ मे रोजी निक्सन मॉस्कोत उतरले आणि २६ तारखेला सोव्हिएत नेते ब्रेझनेव यांच्यासोबत त्यांनी अण्वस्त्रमर्यादेच्या करारांवर सह्या केल्या. याला मुत्सद्देगिरी म्हणाल की संघर्ष? कौटिल्याकडे शब्द तयार आहे.

शिवाय प्राचीन भारतात संधी-विग्रहाचे खाते सांभाळणाऱ्याची पदवीच ‘सांधिविग्रहिक’. समुद्रगुप्ताची प्रयाग प्रशस्ती लिहिणारा हरिषेण सांधिविग्रहिक होता, आणि त्याच लेखात तो महादंडनायकही, म्हणजे दंडशक्तीचा बडा अधिकारीही आहे. तह करणारा एक, भांडणारा दुसरा, अशी विभागणी नव्हतीच.

निक्सन-ब्रेझनेव यांच्या काळातला देतांत हा शब्द, म्हणजे दोन महासत्तांमधला ताण सैल करण्याचे धोरण, ‘तणावशैथिल्य’ म्हणून मराठीत आला. तो चालू द्या, निरुपद्रवी आहे. पण फ्रेंचमध्ये बंदुकीच्या चापालाही देतांतच म्हणतात. रशियनांनी त्यासाठी ‘रझ्र्यादका’ योजला, त्याचा एक अर्थ भरलेले हत्यार रिकामे करणे. फ्रेंच माणूस देतांत ओढतो तेव्हा गोळी सुटते. रशियन रझ्र्यादका करतो तेव्हा ती नळीतून बाहेर काढली जाते. एकाच धोरणाला दोन भाषांनी दोन उलटी नावे दिली, आणि अमेरिकेत तर मार्च १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी हा शब्द आपण यापुढे वापरणार नाही, असे सांगून टाकले. पक्षाच्या उमेदवारीसाठी रेगन यांच्याशी झुंज चालू होती, आणि देतांत म्हटले की मतदारांना मिळमिळीत वाटू लागले होते.

राहिला राजनय. शब्द शुद्ध आहे, देखणा आहे, आणि निर्जीव आहे. नय म्हणजे नेणे, चालवणे. त्यात समोरचा माणूसच नाही. राज्य चालवणे आणि दुसऱ्या राज्यासमोर उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी, आणि राजनयात दुसरीचा पत्ता नाही. मुत्सद्दी परका म्हणून त्याला हाकलायला निघालेल्यांनी आधी त्याच्या तोडीचा दुसरा शब्द आणावा.

‘राजनैतिक’ मात्र जपून वापरा. मराठीत राजनैतिक संबंध म्हणजे दोन देशांमधले दूतावासांच्या पातळीवरचे संबंध. हिंदीत तोच शब्द राजकीय या अर्थाने चालतो, आणि त्या वाऱ्याने आपल्याकडेही ‘राजनैतिक पक्ष’, ‘राजनैतिक आरक्षण’ लिहिले जाऊ लागले आहे. पक्ष राजकीय असतो. आणि तुमचा मथळा अजून अडलेलाच असेल, तर ‘बोलणी की टक्कर’ असा द्या. ‘मुत्सद्दीगिरी’ असे मात्र कुठेही लिहू नका, रूप मुत्सद्देगिरी असेच होते.