घाट उतरला की ब्रेक पेडल खाली का जातं?

प्रश्न : नारायणगावच्या बाजूने टोमॅटो भरून माळशेज उतरून कल्याणला जातो, पिकअप आठ वर्षांची आहे. निघताना ब्रेक एकदम ओके, पण घाट उतरून मोरोशीला पोचेपर्यंत पेडल पार खाली जातं, दोन-तीनदा पंप मारला की मग कुठे गाडी धरते. तासभर थांबलो की परत नॉर्मल. पुढचे पॅड नवीन टाकले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो) बदलला, तरी तेच. आता मेकॅनिक म्हणतो मोठ्या गाडीचा बूस्टर बसवू. गेल्या वर्षी लोडसाठी मागे स्प्रिंगचे दोन पाटे (लोखंडी पट्ट्या) वाढवलेत, बाकी गाडी आहे तशीच. बूस्टर टाकू का?
– एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : दादा, बूस्टर टाकू नका आणि हे दुरुस्त होईपर्यंत लोड घेऊन घाट उतरू नका, आधी हे सांगतो मग बाकीचं.

बूस्टर फक्त तुमच्या पायाचा जोर वाढवतो. तुमचा जोर कमी पडत नाहीये, तो चाकापर्यंत पोचतच नाहीये. गरम झाल्यावर पेडल खाली जातं आणि थंड झाल्यावर परत येतं, म्हणजे माझा पहिला संशय ब्रेक ऑइलवर, पायाचा जोर चाकापर्यंत तेच नेतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड) ऑइल नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, पण पाणी मुरलं की तोच आकडा १४० च्या आसपास येतो, आणि भरलेल्या गाडीचा घाटात सतत ब्रेक दाबला तर कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) ऑइल तेवढं तापू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली की दबते, म्हणून पेडल खाली. मास्टर सिलिंडर बदलला तेव्हा सगळं ऑइल काढलं होतं की नुसतं वरून टॉप-अप केलं होतं ते विचारा. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पांढऱ्या फडक्यावर एक थेंब घ्या, कोऱ्या चहासारखा काळपट डाग पडला तर ऑइल खराब झालंय असंच समजा (रंग बरा दिसला तरी दोन वर्षांनी बदलायचंच). पूर्ण काढून नवीन डॉट ४ भरा, ते नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत टिकतं आणि डॉट ३ च्या सिस्टीमला चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते नको. नवीन ऑइल भरल्यावर पाइपमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायची, आपल्याकडे बहुतेक मागचं डावं.

आता पाट्यांचं. तुम्ही ते सहज लिहिलंय, पण मला तीच गोष्ट मोठी वाटते. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलच्या वर चासीला एक व्हॉल्व असतो, त्याचा लिव्हर किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेला असतो, मेकॅनिक लोक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. मागे लोड आला की पाटे दबतात, लिव्हर हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. तुम्ही दोन पाटे वाढवले, आता दीड टन भरला तरी गाडी पहिल्याइतकी दबत नाही, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामीच आहे, तो मागचं प्रेशर कमीच ठेवतो आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर पडतो. म्हणून पुढचं एवढं तापतं, म्हणून ऑइल उकळतं! गाडीखाली वाकून बघा, लिव्हर चिखलाने गंजून जाम झालेला असतो कित्येकदा. माझं स्पष्ट मत, वाढवलेले पाटे काढा आणि पासिंगएवढाच (गाडीच्या कागदांवर मंजूर आहे तेवढाच) माल भरा. पाटे ठेवायचेच असतील तर कंपनीच्या मापाने व्हॉल्व सेट करून घ्या, अंदाजाने वाकवू देऊ नका.

तोवर मागचे ड्रम उघडाच. अ‍ॅडजस्टर जाम असला की लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) ड्रमपासून लांब राहतात आणि पेडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरण्यातच जातो, त्यात ड्रम तापून फुगला की अजून वाढतं. नुसतं लायनर अ‍ॅडजस्ट केल्यावर पेडल दोन बोटं वर आलेलं मी बघितलंय. व्हील सिलिंडरचं (ड्रममध्ये लायनर ढकलतो तो) रबर ऑइल गळून ओलं असेल तर बदला. एकाला पेडल जोरात दाबायला सांगून रबरी पाइप हातात धरा, फुगतोय असं जाणवलं तर तोही नवीन.

आणि घाटात न्यूट्रल अजिबात नाही. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून वेग कमी करा आणि सोडा, पाय सतत ठेवून नका उतरू.

प्रश्न : मुलगा दुधाची पिकअप चालवतो. आठवड्यापासून पेडल दगडासारखं कडक झालंय, जोर लावून दाबावं लागतं. पॅड बदलायचे का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : काकू, पॅडचं नाही वाटत हे, बूस्टरला व्हॅक्यूम (हवा ओढून केलेली पोकळी, तो त्यावरच चालतो) मिळत नसणार. मुलाला सांगा, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय दाबूनच ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल जरासं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. नाही सरकलं तर आधी बूस्टरला येणारा व्हॅक्यूमचा पाइप बघा, चीर पडलेली असते किंवा क्लिप सैल, ते स्वस्तात होतं. मग एकतर्फी व्हॉल्व, मग डिझेल गाडीचा व्हॅक्यूम पंप, आणि हे सगळं ठीक निघालं तरच बूस्टर. तोवर पहाटेची फेरी दुसऱ्या गाडीने करा, अशा गाडीत त्याला पाठवू नका.