वाचकांचे प्रश्न : हवाबंदपणाची चाचणी केव्हा करावी?

प्रश्न : आमच्या घराचा सांगाडा उभा राहिला असून आतील फिनिशिंग अजून सुरू व्हायचे आहे. ऊर्जासंहितेनुसार हवाबंदपणाची चाचणी आवश्यक आहे. मात्र रंगकाम झाल्यावर प्रमाणपत्रापुरती ती एकदा केली की पुरे, असे ठेकेदारांचे म्हणणे आहे. भिंतींत इन्सुलेशन आणि खिडक्यांना दुहेरी काच असताना या चाचणीने आणखी काय कळणार?

उत्तर : चाचणी दोनदा करावी आणि पहिली आत्ताच, भिंती बंद होण्यापूर्वी करावी, असा माझा आग्रह आहे. इन्सुलेशन उष्णतेचे वहन रोखते, पण फटींतून वाहणारी हवा ते थोपवू शकत नाही. आणि हवेबरोबर केवळ उष्णता नव्हे, तर बाष्पही भिंतीच्या पोटात शिरते, थंड पृष्ठभागावर त्याचे पाणी होते व पुढे बुरशी धरते. हे नुकसान बाहेरून दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

हवाबंदपणाच्या या चाचणीत, म्हणजेच ब्लोअर डोअर चाचणीत, बाहेरच्या दारात पंखा बसवून आतबाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक निर्माण करतात. हा दाब ताशी सुमारे 32 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने पडणाऱ्या दाबाइतका असतो. तो टिकवण्यासाठी पंख्याला ताशी जितकी हवा खेचावी लागते, तितकीच फटींतून येत असते. उदाहरणार्थ, 400 घनमीटर आकारमानाच्या घरात पंखा ताशी 1200 घनमीटर हवा खेचत असेल, तर त्या दाबाला घरातील हवा तासाला 3 वेळा बदलते. इंटरनॅशनल एनर्जी कन्झर्व्हेशन कोड या अमेरिकेतील नमुना ऊर्जासंहितेच्या 2012च्या आवृत्तीत उष्ण हवामान-विभागांसाठी तासाला 5 वेळा आणि इतर विभागांसाठी 3 वेळा ही घरांची कमाल मर्यादा होती. अत्यल्प ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठीचे पॅसिव्ह हाउस मानक तर 0.6 मागते. आपल्याला लागू असलेली मर्यादा कोणती, हे चाचणीपूर्वीच लेखी घ्यावे.

तथापि, हा आकडा गळती किती आहे एवढेच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी पंखा चालू असतानाच धुराची कांडी घेऊन छत व भिंतीचा सांधा, खिडकीची चौकट, नळ व वायरींची भोके अशा जागा एकेक करून तपासाव्या लागतात. आतबाहेरच्या तापमानात पुरेसा फरक असेल, तर थर्मल कॅमेराही उपयोगी पडतो. वायुरोधक थर, म्हणजे भिंती-छतातला हवा अडवणारा थर, उघडा असताना सापडलेली फट टेप किंवा सीलंटने तासाभरात बुजवता येते. तीच रंगकामानंतर सापडली, तर तयार भिंत फोडावी लागते, आणि बहुधा कोणी ती फोडत नाही. प्रमाणपत्रासाठीची दुसरी चाचणी मात्र काम पूर्ण झाल्यावरच करावी, कारण नंतर आलेले कारागीर त्याच थराला नवी भोके पाडून जातात.

दोन्ही वेळी पंखा सुरू करण्यापूर्वी ज्योतीवर चालणारी सर्व उपकरणे बंद करावीत, नाहीतर खेचलेल्या हवेबरोबर त्यांचा धूर घरात येऊ शकतो. घर हवाबंद होणार असल्याने ताज्या हवेसाठी यांत्रिक वायुवीजनाची सोयही आराखड्यात आत्ताच धरावी.